एप्रिलचा फोटो कुठला? मराठवाड्यातल्या कॅलेंडर वॉलपेपरची पार्श्वभूमी

मार्च संपत आला की दरवर्षी तोच प्रश्न वर येतो: एप्रिलच्या कॅलेंडरला फोटो कुठला घ्यायचा? मराठवाड्यातले हौशी छायाचित्रकार भटकंतीतल्या फोटोवर महिन्याच्या तारखा टाकून तो कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी एकमेकांना देत आले आहेत, त्याला आता बरीच वर्षं झाली. ऑगस्ट-सप्टेंबरच्या फोटोवरून कधी कुणाचं वाजत नाही. वाजतं ते फेब्रुवारी ते जून या महिन्यांवरून, आणि ते का वाजतं हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

फार मागं जायची गरज नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये नेमलेल्या मद्रास फौजेतल्या एका अधिकाऱ्याने पुढे कॅमेराही हाती घेतला. त्याच्या स्टिरिओ फोटोंचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं, आणि त्याने रंगवलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. नंतर निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराने वेरूळची लेणी टिपली. तेव्हापासून मराठवाड्याचा फोटो म्हणजे लेणी, किल्ला, मकबरा हे ठरूनच गेलं. १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत गेल्यावर ते आणखी पक्कं झालं. आडत दुकानांच्या आणि खत-बियाण्यांच्या दुकानांच्या कॅलेंडरांवर देव असत, नाहीतर बर्फाचे डोंगर. ज्या रानात ते बियाणं पेरलं जाणार होतं, ते रान त्या कॅलेंडरावर फारसं कधी आलं नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती तालुक्याच्या गावांत कॉम्प्युटर आले तेव्हा. विंडोज ९८ वर जेपीजी फोटो सरळ वॉलपेपर म्हणून लागत नसे. त्यासाठी अ‍ॅक्टिव्ह डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर वेबपान दाखवायची सोय, चालू करावी लागे, आणि आधीच रखडत चालणारं मशीन त्याने आणखी मंद होई. म्हणून फोटो बीएमपी, म्हणजे न दाबलेली मोठी फाईल, करून दिला जाई. ८०० बाय ६०० चा चोवीस बिटांचा बीएमपी भरतो १४,४०,०५४ बाइट, आणि साडेतीन इंची फ्लॉपीत जागा असते १४,५७,६६४ बाइट. एका फ्लॉपीत एक महिना मावायचा, वर जेमतेम सतरा हजार बाइट उरायचे. पडदे १०२४ बाय ७६८ चे झाले तशी बीएमपी फाईल तेवीस लाख बाइटांच्या पुढे गेली आणि फ्लॉपीचा विषय संपला. मग सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज येईल त्या वेळेला फोटो लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत जाऊन फाईल घ्यायची, ही पद्धत बराच काळ टिकली.

त्या काळातली एक गोष्ट आता सहज विसरली जाते. तेव्हा मराठी अक्षरं कॉम्प्युटरवर नीट दिसणं ही मोठी गोष्ट होती. विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण तिचा आधार सीडी घालून वेगळा बसवावा लागे. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं तुटत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. म्हणून लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे जाऊन त्याच्या जुन्या फॉन्टात ‘जानेवारी’, ‘रवि’, ‘सोम’ लिहून घ्यावं लागे. पण ती अक्षरं एकदा फोटोत मुरली की समोरच्या मशीनवर फॉन्ट असो वा नसो, मराठी स्वच्छ दिसे. ज्या कचेऱ्यांतल्या मशीनवर एक ओळ मराठी टाइप होत नव्हती, तिथे पडद्यावर मराठी महिना दिसू लागला. या प्रकाराला इकडे जी माया लाभली तिचं हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. परदेशातले वेब-डिझायनरही दर महिन्याला तारखांसह आणि तारखांशिवाय असे दोन्ही वॉलपेपर देत, आणि तारखांशिवायची फाईल वेगळी द्यायची पद्धत आपल्याकडे बहुधा तिथूनच आली. पण आपल्याकडची गरज वेगळी होती.

मांडणीही पडद्यानेच ठरवली. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात वार डावीकडे उभे असतात. पडद्यावर डावी बाजू आयकॉन खातात आणि खालची टास्कबार, म्हणून तारखा उजवीकडे वर गेल्या. मग फोटो काढतानाच उजवीकडे वर मोकळं आभाळ सोडायची सवय लागली. त्या काळातले फोटो आज पाहिले तर दौलताबादचा किल्ला असो की परांड्याचा बुरूज, सगळं डावीकडे सरकलेलं दिसतं, ते यामुळे.

आता मूळ वादाकडे. एक्सपीबरोबर जगभर गेलेला वॉलपेपर म्हणजे १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपलेली हिरवी टेकडी आणि वर निळं आभाळ. तिथल्या हिवाळी पावसानंतरचं ते हिरवेपण होतं. तलाठी कार्यालयापासून शाळेच्या कॉम्प्युटर खोलीपर्यंत सगळीकडे वर्षाचे बारा महिने तीच टेकडी. पडद्यावर हिरवंच शोभतं ही समजूत तिने घट्ट बसवली. आपल्याकडची सुरुवातीची कॅलेंडरंही तशीच निघाली: जानेवारीला म्हैसमाळचं पठार पावसाळ्यातलं, मार्चला वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याशेजारी कोसळणारं पाणी, मे महिन्यात अजिंठ्याचं सप्तकुंड दुथडी भरलेलं.

मराठवाड्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. डोंगर हिरवे दिसतात ते जुलै ते ऑक्टोबर, आणि पावसाने ओढ दिली तर तेवढेही नाहीत. बाराही फोटो त्याच चार महिन्यांतले घ्यायचे म्हटलं की ठिकाणंही आपोआप ठरतात: वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, म्हैसमाळ, गौताळा. ही सारी मुख्यतः एकाच जिल्ह्यातली. फार तर बीडचा सौताडा, धाराशिवमधल्या नळदुर्गचे नर-मादी धबधबे आणि नांदेडच्या हद्दीवरचं सहस्रकुंड. परभणी, हिंगोली, जालना, लातूर कॅलेंडरात येणार कुठून?

यातून नियम पुढे आला: ज्या महिन्याचं कॅलेंडर, त्याच महिन्यात काढलेला फोटो. ऐकायला साधा आहे, पण त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची रणरण असताना माणूस आत येऊन कॉम्प्युटर लावतो, तिथेही त्याला करपलेला माळच दाखवायचा का? दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा होता. भेगाळलेल्या जमिनीचे फोटो वर्तमानपत्रांत येतात ते बातमी म्हणून. तोच फोटो कुणाच्या पडद्याची शोभा व्हावा, हे ज्याचं रान भेगाळलं त्याने का सोसावं? २०१२-१३ च्या दुष्काळानंतर हा प्रश्न पुस्तकी राहिलाच नव्हता. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात गारपिटीने उभी पिकं झोपवली, त्याच्या पाठोपाठ २०१४ आणि २०१५ हे दोन पावसाळे कोरडे गेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या महिन्यात पडद्यावर काय लावायचं होतं?

नियमातली खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. कॅलेंडर महिना लागायच्या आत हाती पडावं लागतं, त्यामुळे ‘त्याच महिन्याचा’ फोटो नेहमी मागच्या कुठल्यातरी वर्षाचा असतो. २०१३ चा पाऊस चांगला झाला होता. तेव्हा काढलेले सौताड्याचे आणि बालाघाटाच्या कुशीतले फोटो ऑगस्ट २०१४ ला लागले, ऑगस्ट २०१५ ला लागले, आणि खिडकीबाहेर ढग रिकामे फिरत होते. नियम तंतोतंत पाळूनही पडद्यावरचा ऑगस्ट खोटा ठरला. यावर उपाय निघाला तो मला आजही सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो: फोटोखाली गावाच्या नावाबरोबर फोटोचं वर्ष लिहायचं. ‘सौताडा, ऑगस्ट २०१३’. एवढ्या ओळीने पाहणाऱ्याला कळतं की हा त्या वर्षीचा पाऊस आहे, यंदाचा नाही. डिजिटल फोटोत तारीख फाईलमध्येच असते, त्यामुळे पडताळताही येते. जुन्या रिळांवरून स्कॅन केलेल्या फोटोंना ती सोय नाही, आणि अशा काही सुंदर फोटोंना या नियमापायी बाजूला राहावं लागलं.

काहींनी मराठी महिन्यांवर कॅलेंडर करावं असंही सुचवलं. ऋतूंशी चैत्र-वैशाख चांगले जुळतात हे खरं. पण पगार, परीक्षा, बँकेचे हप्ते सगळे एक ते एकतीस या तारखांवर चालतात. शिवाय अधिक महिना येतो. २०१५ मध्ये अधिक आषाढ आला आणि श्रावण ऑगस्टच्या मध्यावर गेला. २०२३ मध्ये अधिक श्रावणच आला, तेव्हा निज श्रावण सुरू व्हायला १७ ऑगस्ट उजाडला. अमावास्या-पौर्णिमा दाखवायच्या आणि महिना इंग्रजी ठेवायचा, यावर ते थांबलं.

मी नियमाच्या बाजूचा आहे, कारण त्याने काय घडवलं ते समोर आहे. जानेवारीला हिरवळ मिळेना म्हणून लोक परभणी-जालन्याच्या रानात गेले आणि हुरड्यात आलेली टाळकी ज्वारी, करडईची पिवळी-केशरी फुलं घेऊन आले. फेब्रुवारी-मार्चला पळस आला. मे महिन्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी गाळपेरा करतात, त्या ओल्या मातीवरच्या हिरव्या पट्ट्या कॅलेंडरात आल्या. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीचे फोटो तोवर दरवाजे उघडल्यावरचेच निघत. नोव्हेंबरला कापसाची वेचणी, डिसेंबरला पैठणच्या काठी उतरलेले रोहित पक्षी. एप्रिलला तर नांगरलेलं रान. गोदाकाठच्या काळ्या ढेकळांवर पडद्यावरचे आयकॉन जितके स्वच्छ वाचता येतात तितके कुठल्याही धबधब्यावर येत नाहीत. भेगांच्या फोटोंबद्दलचा आक्षेप मात्र मान्य झाला आणि तो व्हायलाच हवा होता: कोरडी विहीर, रिकामं धरण, घागरींची रांग कॅलेंडरावर घ्यायची नाही. दुष्काळाचा फोटो पडद्याच्या शोभेसाठी नसतो.

सुट्ट्यांची पट्टी हा छोटा पण जिव्हाळ्याचा भाग. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या कॅलेंडर फाइलींत १७ सप्टेंबर साधी तारीख असे. इकडे तो मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशी झेंडावंदन असतं. लातूर-धाराशिवकडे येळवशीला म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप, पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. ती कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. येळवस ठळक करून दिलेलं कॅलेंडर लातूरकडे जितकं फिरलं तितकं दुसरं कुठलं फिरलं नाही, असं देणारे सांगतात. २०२३ पासून फोटोखालच्या ओळींत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आली, जुन्या फाइली मात्र जुन्याच नावांनी फिरत राहिल्या.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, नद्या शेतांत शिरल्या, माती वाहून गेली. सप्टेंबर हा कॅलेंडरवाल्यांचा हक्काचा हिरवा महिना. त्या वर्षीचे फोटो पुढच्या सप्टेंबरांना घ्यायचे का? माझं मत घ्यावेत असं नाही. ‘दुष्काळाचा घ्यायचा नाही’ असं ठरलं असेल तर पुराचाही नको. पण वाहून गेलेल्या रानात पुन्हा पेरणी झाल्यावरचा फोटो घ्यायला काय हरकत आहे, असंही काही जण म्हणतात, आणि त्यावर अजून एकमत नाही.

दरम्यान पडदाच बदलला. आता बहुतेकांना वॉलपेपर हवा असतो मोबाइलला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि तारखांचे आकडे फुटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा हे दर महिन्याला सांगावं लागतं. एवढ्याने भागतं तर बरं होतं. १९२० बाय १०८० चा आडवा फोटो १०८० बाय १९२० मध्ये बसवायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी कापायचा. मराठवाड्याची जमीन आडवी आहे. माळ, धरणाचा काठ, ज्वारीचं रान, बालाघाटाची सपाट माथ्याची रांग, सगळं रुंदीत पसरलेलं. उभ्या चौकटीत ते मावत नाही, मावतात ते धबधबे आणि मिनार. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या फाइलींत चाँदमिनार, मकबरा आणि सप्तकुंड पुन्हा पुन्हा दिसू लागले आहेत, आणि हिंगोली-परभणी परत मागे पडली आहेत. काही जण आता डेस्कटॉपला आणि मोबाइलला दोन वेगळे फोटो देतात. काम दुप्पट होतं, पण निदान आडवा फोटो कापला जात नाही. महिन्याचा मुख्य फोटो मात्र आडवाच निवडावा आणि उभा त्यानंतर शोधावा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.