मोरकम-वाइजचे ‘२ कोटी ८० लाख’ प्रेक्षक

एरिक मोरकम आणि अर्नी वाइज या ब्रिटिश विनोदवीरांच्या जोडगोळीचा १९७७चा नाताळचा कार्यक्रम बीबीसीवर २ कोटी ८० लाख लोकांनी पाहिला, असं वर्षानुवर्षं छापून येतंय. हा आकडा बीबीसीच्याच पाहणीतला, ‘काल काय पाहिलंत?’ असं लोकांना विचारून काढलेला. निवडक घरांतल्या टीव्हींना मीटर लावून मोजणाऱ्या ‘जिक्टार’च्या हिशेबात मात्र २ कोटी १३ लाखच भरले. गंमत म्हणजे त्याच्या आधी लागलेला नकलाकार माइक यारवुडचा कार्यक्रम लाखभराने पुढेच होता! पण लोकांच्या लक्षात राहिले ते मोरकम-वाइजच्या कार्यक्रमातले, खलाशांच्या वेशात कोलांट्या मारणारे गंभीर चेहऱ्याचे वृत्तनिवेदक. (कोलांट्याही त्यांच्या नव्हेतच, कसरतपटूंच्या, संकलनात बेमालूम जोडलेल्या.)