स्पीड शंभरचा, तरी मीटिंग अडकते कशी?

प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीड टेस्टवर आकडाही ९५च्या वर, आणि तरी संध्याकाळ झाली की मीटिंगमध्ये समोरच्याचा आवाज दोन सेकंद गायब होतो. गेम खेळणाऱ्या मुलांना विचारा. चाल अजून पडद्यावर दिसायची असते आणि डाव कधीच संपलेला असतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, मोठा प्लॅन घ्या. माझ्या मते बहुतेक घरांत हे पैसे वाया जातात.

स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा जातो. लॅग म्हणजे एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. या वेळेची किमान मर्यादा निसर्गानेच घालून दिली आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. समजा मीटिंगचा किंवा गेमचा सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ४,००० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन ८,०००, म्हणजे ४० मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत. समुद्राखालची केबल वळणं घेत जाते, त्यामुळे ६०-७० दिसले तर ठीकच आहे. पण तोच आकडा मधूनच ६०० होतो, तेव्हा सिंगापूर काही लांब गेलेलं नसतं. पॅकेट वाटेत कुठेतरी रांगेत उभं असतं, आणि ती रांग बऱ्याचदा आपल्याच घरात असते.

राउटरला घरातून डेटा भराभर येतो आणि बाहेरची वाट त्यामानाने अरुंद असते. मधल्या पॅकेटना थांबायला जी मेमरी असते ती म्हणजे बफर. थोडा बफर लागतोच. पण मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणं बनवणारे तो वाढवत गेले. एकही पॅकेट वाया जाऊ नये, हा हेतू. इथेच घोळ झाला.

त्यासाठी १९८६ सालाकडे जावं लागेल. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम ४०० यार्ड! प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं आणि १९८८ साली उपाय मांडला : पॅकेट हरवलं की वाट तुंबली असं समजायचं आणि पाठवणाऱ्याने वेग कमी करायचा. फाइल पाठवणारी कित्येक यंत्रं आजही याच नियमाने चालतात. म्हणजे पॅकेट गळणं हा बिघाड नाही, तो इशारा आहे. अवाढव्य बफर तो इशाराच दाबून टाकतो. फोनचं फोटो बॅकअप सुरू झालं की ते बफर पूर्ण भरेपर्यंत वेग वाढवत राहतं, आणि मीटिंगमधला आवाजाचा चिमुकला तुकडा त्या सगळ्या फोटोंच्या मागे उभा राहतो.

हिशेब सोपा आहे. बफर १ एमबीचा, म्हणजे ८० लाख बिट्सचा. अपलोड १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ कोटी बिट्स, असेल तर तो रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. अपलोड १०० असेल तर ०.०८ सेकंद. म्हणून मोठ्या प्लॅनने थोडा फरक पडतो, हे खरं. पण मागच्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, वायफायचा प्रत्यक्ष वेग १०वर आला की तीच रांग वायफायमध्ये लागते, प्लॅन कितीही मोठा घ्या.

२०१० साली जिम गेटिस या अभियंत्याने स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर हा प्रकार पकडला आणि त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे ते ती पाहत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते पाहते. सलग १०० मिलिसेकंदांत थांबण्याचा वेळ एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर ती मुद्दाम एक पॅकेट टाकून देते आणि पाठवणारा सावध होतो. तिचं पुढचं रूप ‘एफक्यू-कोडेल’ प्रत्येक प्रवाहाला (मीटिंग एक, बॅकअप दुसरा) वेगळी रांग देतं. पंढरपुरात पदस्पर्शाची रांग कितीही लांब असो, मुखदर्शनाला आलेला माणूस निराळ्या रांगेतून लवकर बाहेर पडतो, तसंच हे.

आता आपल्या घरी रांग कुठे लागते ते पाहू. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. पिंग ही आज्ञा पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दाखवते. विंडोजवर ‘-टी’ जोडलं, इंग्रजी अक्षरात, की पिंग चालू राहतं. मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. राउटरचे आकडे २, ३, २ असे शांत आणि बाहेरचे मात्र १२, १५, २४०, ४१० असे चढत गेले, आणि अपलोड थांबवताच उतरले, तर रोग बफरचा. राउटरचेच आकडे उसळले तर दोष वायफायचा : लॅपटॉप केबलने जोडून खात्री करा, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर या, राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट करतो.

बफरवरचा इलाज म्हणजे राउटरमधलं ‘एसक्यूएम’, म्हणजे रांगेला शिस्त लावणारी कोडेलसारखी सोय. कंपनीने दिलेल्या डब्यात ते सहसा नसतं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर मिळतं. त्यात अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायची. विकत घेतलेला वेग आपणच कापायचा हे जिवावर येतं, पण त्यामुळे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे तिला शिस्त लावता येते. नवा राउटर घ्यायचा नसेल तर फोटो बॅकअप रात्री चार्जिंगच्या वेळी चालेल असं करा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

घरात काहीच चालू नसताना, केबल लावूनही, रोज रात्री नऊ ते अकरा बाहेरचंच पिंग चढत असेल, तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात आहे. अशा वेळी सलग तीन-चार रात्रींचे दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट, वेळेसकट, तक्रारीला जोडा. राउटरचं पिंग स्थिर दिसत असेल तर “तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे” असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही.