घरी उपचारांचा क्लेम अडतो तो चार्टवरच्या सहीपाशी

सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका सूनबाईंची वही माझ्यासमोर आहे. सासऱ्यांना न्यूमोनिया झालेला. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजन लावला, ऑक्सिमीटरचे आकडे मोबाइलच्या ॲपवरून दवाखान्यात जात होते. तरीही ही माउली दर सहा तासांनी ताप, नाडी, ऑक्सिजन वहीत लिहीत होती. रात्री दोनच्याही नोंदी आहेत. अकरा दिवसांची वही, आणि विम्याचा क्लेम नामंजूर. का, तर एकाही पानावर डॉक्टरांची सही नाही.

विमा कंपनीला यंत्राचे आकडे पुरत नाहीत. कोविडसाठीच्या २०२० च्या कोरोना कवच पॉलिसीत घरच्या उपचारांची अट स्पष्ट लिहिली होती: डॉक्टरांनी रोज लक्ष ठेवलेलं असावं, आणि दिलेल्या उपचारांच्या नोंदीसह रोजचा चार्ट त्यांच्या सहीचा असावा. पुढेही ‘होम केअर’, म्हणजे घरच्या उपचारांचं कव्हर देणाऱ्या कंपन्या बहुधा हेच मागतात. म्हणून ॲपमधल्या नोंदी रोजच्या रोज छापून घ्या आणि त्यावर सही, तारीख, शिक्का, नोंदणी क्रमांक घ्या. डॉक्टर ‘शेवटी एकदम करू’ म्हणाले तरी नम्रपणे आग्रह धरा. शेवटी कुणालाच वेळ नसतो.

दुसरा घोळ कलमांचा. ‘होम केअर’ वेगळं, ‘डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन’ वेगळं. दुसरं म्हणजे दाखल करायला हवं असताना नाइलाजाने घरी केलेले उपचार; त्यात पेशंट हलवण्याच्या स्थितीत नसावा, किंवा दवाखान्यात जागा नसावी, आणि बऱ्याच पॉलिसींत उपचार किमान तीन दिवस चाललेले असावेत. आता ‘बेड नाही’ असं लेखी कोण देतं? सोलापुरात मी असा कागद फार क्वचित पाहिला. ज्याच्या घरी पेशंट धापा टाकतोय, त्याने दाखल्यासाठी दारोदार फिरावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पेशंटला खरंच हलवता येत नसेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून केसपेपरवर तसं कारणासह लिहून घ्या. आणखी एक, दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, रक्तदाब हे आजार या कलमातून अनेक पॉलिसी वगळतात. घरी ऑक्सिजनवर असणाऱ्यांत दम्याचेच पेशंट बरेच, तेव्हा ती यादी आधी वाचा.

बाकी कागद नेहमीचे: क्लेम फॉर्म, ओळखपत्र, रिपोर्ट, औषधांची मूळ बिलं, ऑक्सिजनच्या भाड्याची पावती. घरी उपचार करण्याचा डॉक्टरांचा सल्ला लेखी हवा. उपचार कधी सुरू झाले आणि कधी संपले, याचा दाखलाही हवा. हा दुसरा दाखला लोक हमखास विसरतात, कारण घरून ‘डिस्चार्ज’ कोण घेतो? पण क्लेमचे कागद देण्याची मुदत तिथूनच मोजली जाते. कोरोना कवचमध्ये उपचार संपल्यापासून ३० दिवस होते. तुमच्या पॉलिसीतला आकडा बघून घ्या. कंपनीला कळवायचं मात्र उपचार सुरू होतानाच.

महात्मा फुले योजनेच्या भरवशावर घरी थांबू नका. ती अंगीकृत रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. सूनबाईंनी डॉक्टरांकडून ॲपच्या अकराही दिवसांच्या नोंदींवर सह्या आणल्यात. तक्रारीला त्या जोडल्या, आणि सोबत वहीची झेरॉक्सही.