बसून राहिलेलं हृदय

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सिद्धेश्वर तलावाकाठी पहाटे फिरणारी मंडळी घरात बसली. सोलापुरात खरा फरक पडला तो पूर्व भागात. यंत्रमाग बंद, विडी कारखाने बंद. मागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, तुटलेला धागा सांधायला या मागावरून त्या मागावर जातो. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसलेलीच. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन परत यायचं, एवढंच तिचं चालणं. तेही थांबलं. याला कुणी व्यायाम म्हणत नाही, पण हृदयाच्या हिशेबात ते असतं.

लंडनच्या दुमजली बसमध्ये जिना चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होतो, हे ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं. (पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर चालक मुळातच जाडसर निघाले!)

त्याहून बोलका प्रयोग अमेरिकेतल्या डॅलसचा. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. मधल्या तीस वर्षांनी केलं नव्हतं इतकं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

होतं काय, की पडून राहिल्यावर काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग घटतो. हृदयात रक्त कमी भरतं, म्हणून एका ठोक्याला बाहेरही कमी जातं. तेवढंच काम उरकायला ठोके वाढवावे लागतात. शिवाय पायांचे स्नायू स्वस्थ बसले की रक्तातली साखर आणि चरबी ओढून घेणं मंदावतं. ताटातली भाकरी-शेंगाचटणी तीच, पण साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते.

टाळेबंदीत कुणी तीन आठवडे आडवं पडलं नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या एका प्रयोगात निरोगी तरुणांची रोजची दहा हजार पावलं दीड हजारांच्या आत आणली, तर दोनच आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली.

एकटेपणाचा वाटा वेगळा काढणं अवघड. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये झालेल्या विश्लेषणात, माणसांशी फारसा संबंध न उरलेल्यांत हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका सुमारे २९ टक्के जास्त दिसला. पण एकटा माणूस चालतोही कमी, गोळ्या चुकवतो, छातीत दुखलं तरी सांगायला जवळ कुणी नसतं. तेव्हा तलावाकाठी चालण्यापेक्षा गप्पाच जास्त मारणाऱ्यांची चेष्टा मी तरी करणार नाही.

गेलेलं परत येतं का? बरंचसं. डॅलसच्या त्या पाचजणांना पन्नाशीत सहा महिने चालणं, धावणं, सायकल असा व्यायाम हळूहळू वाढवत दिला. वयाने नेलेली क्षमता भरून निघाली. विशीत, अंथरुणातून उठल्यावर व्यायाम करून त्यांनी जी पातळी गाठली होती, ती मात्र पुन्हा गाठता आली नाही.