पोटाचे यंत्र घेण्यापूर्वी चरबीची वाट समजून घ्या

ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी गेल्या महिन्यात मला व्यायामाच्या यंत्राची जाहिरात पाठवली आणि खाली विचारले, "हे घेऊ का? रोज दहा मिनिटांत पोटाची चरबी वितळते म्हणतात." यंत्राला वक्र रुळावर सरकणारी गादी होती, तिच्यावर गुडघे टेकवायचे, दांडा धरायचा आणि गुडघे छातीकडे ओढत राहायचे. त्यांचा प्रश्न साधा असला तरी त्यात दोन प्रश्न मिसळलेले होते. या यंत्राने पोटाच्या स्नायूंना पुरेसे काम मिळते का, हा पहिला. आणि त्या कामाने पोटावरची चरबी जाते का, हा दुसरा. जाहिरात पहिल्याचे उत्तर दाखवून दुसऱ्याचे आश्वासन देते, म्हणून खरेदीपूर्वी हे दोन प्रश्न वेगळे करणे फार गरजेचे आहे.

पोटाच्या पुढच्या बाजूला बरगड्यांच्या खालच्या भागापासून जघनास्थीपर्यंत रेक्टस ॲब्डॉमिनिस हा उभा स्नायू पसरलेला असतो. जाहिरातीतल्या तरुणाच्या पोटावरच्या सहा चौकटी त्याच्याच. त्याच्या दोन्ही बाजूंना तिरपे स्नायू आणि सर्वांत आत कमरपट्ट्यासारखा आडवा स्नायू असतो. या स्नायूंच्या वर, त्वचेखाली, चरबीचा एक थर असतो, तर त्यांच्या मागे आतड्यांच्या आणि इतर अवयवांच्या भोवती चरबीचा दुसरा साठा असतो. स्नायू आणि चरबी अशी शेजारी राहत असली, तरी स्नायूने शेजारची चरबी परस्पर उचलून जाळावी, अशी सोय शरीरात नाही.

चरबी मेदपेशीत ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठवलेली असते, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. हा रेणू आहे तसा पेशीबाहेर पडू शकत नाही. तो आधी तोडावा लागतो. व्यायाम सुरू झाला की शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात आणि ते रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते. मेदपेशीच्या पृष्ठभागावरील बीटा ग्राहींना, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या रेणूंना, ते चिकटले की पेशीच्या आत चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूचे प्रमाण वाढते, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए कार्यान्वित होते, आणि त्याच्या प्रभावाने लायपेज गटातील विकरे ट्रायग्लिसराइडपासून एकेक मेदाम्ल सुटे करू लागतात. व्यायामात इन्सुलिनची पातळी उतरते, हेही येथे उपयोगी पडते, कारण एरवी इन्सुलिन ही तोडफोड रोखून धरत असते. मेदाम्ले पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांना पाठीवर घेते. मग ती शिरांवाटे हृदयात, तेथून फुफ्फुसांत, पुन्हा हृदयात आणि अखेर धमन्यांवाटे काम करणाऱ्या स्नायूपर्यंत येतात. त्या स्नायूच्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांत, त्यांचे ज्वलन होते. पोटाच्या स्नायूत जळणारे मेदाम्ल मांडीतून आलेले असू शकते, पाठीवरून आलेले असू शकते, किंवा पोटावरूनही.

सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांसाठी एकच टाकी असते. तिसऱ्या मजल्यावरचा नळ कितीही वेळ सोडला, तरी पाणी कमी होते ते टाकीतले. शरीरातली टाकी मात्र अनेक कप्प्यांची असते, आणि कोणता कप्पा आधी रिकामा होईल हे तेथील ग्राहींचे प्रमाण, लिंग, अनुवंश आणि संप्रेरके ठरवतात. मेदपेशींवर बीटा ग्राहींच्या उलट काम करणारे अल्फा-२ ग्राहीही असतात. ते चरबी सुटण्यास अटकाव करतात, आणि स्त्रियांच्या नितंब व मांड्यांवरच्या चरबीत त्यांचा प्रभाव अधिक असल्याने ती उशिरा हलते. काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत रक्तप्रवाह किंचित वाढतो आणि तेथून मेदाम्लेही थोडी अधिक सुटतात, असे प्रयोगांत मोजले गेले आहे, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; परंतु हे प्रमाण इतके अल्प आहे की कमरेच्या घेरात त्याचा फरक दिसत नाही.

याची थेट परीक्षाही झालेली आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स करून घेण्यात आल्या, आणि आधी व नंतर पोट, पाठ व नितंब या तीन ठिकाणांहून सुईने चरबीचे नमुने घेऊन मेदपेशींचा व्यास मोजण्यात आला. पेशी थोड्या आक्रसल्या होत्या, पण तिन्ही ठिकाणी सारख्याच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम केलेल्यांच्या स्नायूंची चिकाटी वाढली, पोटाची चरबी मात्र कमी झाली नाही. मला हे दोन निष्कर्ष एकत्र वाचणे महत्त्वाचे वाटते, कारण व्यायाम वाया गेला नाही. त्याचे फळ वेगळ्या जागी मिळाले.

आता थोडा हिशेब करू. ७० किलो वजनाच्या व्यक्तीने मध्यम जोराने दहा मिनिटे पोटाचे व्यायाम केले, तर विश्रांतीत झालाच असता तो खर्च वजा जाता साधारण ३३ किलोकॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो शरीरचरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आहारात काहीही बदल न होता, एकही दिवस न चुकता, एक किलो चरबीला जवळपास आठ महिने लागतील, आणि तीही सर्वांगातून मिळून. ही जळलेली चरबी जाते कुठे, याचे उत्तर २०१४ मध्ये रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले: दहा किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे आणि १.६ किलो पाणी होऊन बाहेर पडते. त्यामुळे घाम काढणाऱ्या पट्ट्याने कमी झालेले वजन पाण्याचे असते आणि दोन पेले पाण्याने ते परत येते. बेंबीत तेल सोडल्याने किंवा कमरेला चुंबकीय पट्टा बांधल्याने चरबी विरघळते, हे समजही याच कारणाने निराधार ठरतात. चरबीला बाहेर पडण्याची वाट रक्तातून, स्नायूंच्या ज्वलनातून आणि बहुतांशी फुफ्फुसांतून जाते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के होती. काट्यावर सडपातळ ठरणारा भारतीय माणूस आतून मेदयुक्त असू शकतो, आणि त्या मेदात पोटाच्या आतल्या साठ्याचा वाटा चिंताजनक असतो. म्हणून कमरेचा घेर दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर यंत्राच्या आधी रक्तशर्करा तपासून घ्यावी. हा आतला साठा भरभर चालणे, सायकल, पोहणे अशा सर्वांगाच्या व्यायामाला आणि आहारातील बदलाला चांगला प्रतिसाद देतो.

उरतो स्नायूंचा प्रश्न, आणि त्यासाठी यंत्राला एकच गोष्ट विचारावी: याचा विरोध कुठून येतो? स्नायू बळकट होतात ते विरोधाविरुद्ध काम करून. वर उभे राहून कंबर फिरवायच्या ट्विस्टरच्या तबकडीत घर्षण कमी करण्यासाठीच छर्रे बसवलेले असतात. तबकडी जितकी चांगली, तितके स्नायूंना काम कमी. दोन पावलांत अडकवून ओढायच्या स्प्रिंगच्या यंत्रात ताण लांबीच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सुरुवातीला विरोध जवळजवळ नसतो आणि शेवटी एकदम येतो, शिवाय पावलातून निसटलेली स्प्रिंग थेट चेहऱ्याकडे येते. साध्या चाकाचा रोलर स्वस्त असूनही कठीण असतो, कारण हात पुढे जातील तसा गुडघ्यांपासून शरीराच्या भाराचा तरफ-बाहू लांबत जातो. नवशिक्याने भिंतीसमोर बसून थोड्याच अंतरापर्यंत तो सरकवावा. डोक्याला आणि हातांना आधार देणाऱ्या झुलत्या चौकटीत बरेच काम हातच करून टाकतात. सॅन दिएगो राज्य विद्यापीठात २००१ मध्ये स्नायूंतील विद्युत संकेत मोजून १३ व्यायामांची तुलना झाली, तेव्हा 'ॲब रॉकर' हे झुलते यंत्र तळाशी होते आणि पाठीवर झोपून हवेत सायकल चालवण्याचा, विनायंत्राचा, व्यायाम आघाडीवर होता. विजेच्या धक्क्याने स्नायू आकुंचित करणाऱ्या पट्ट्यांच्या तीन विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये फसव्या दाव्यांसाठी कारवाई केली होती. पेसमेकर बसवलेल्यांनी असा पट्टा मुळीच बांधू नये.

पाय अडकवण्याची सोय असलेल्या बाकांविषयी विशेष काळजी घ्यावी. पाय धरून ठेवले की उठण्याचे काम सोआस या स्नायूकडे सरकते. तो कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जातो आणि आकुंचन पावताना मणके एकमेकांवर दाबतो. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातील स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजमापानुसार एका पूर्ण सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन, म्हणजे जवळपास ३४० किलोच्या वजनाइतका दाब येतो. मणक्यांमधली चकती सरकलेल्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी आणि बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मध्यरेषेपाशी विलग राहिलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय असे यंत्र घेऊ नये.

त्या गृहस्थांना मी दुकानात जाऊन यंत्र वापरून पाहायला सांगितले. वजनमर्यादा वाचावी, चौकट हलते का पाहावे, विरोध टप्प्याटप्प्याने वाढवता येतो का विचारावे, आणि झोका न घेता दहा आवर्तने अगदी सावकाश करून थकवा नेमका कुठे येतो ते स्वतः तपासावे, एवढेच. संध्याकाळी त्यांचा फोन आला: सातव्या आवर्तनापासून जांघेत आणि मांड्यांच्या वरच्या भागात ओढ बसू लागली होती, पोटात फारसे काही जाणवले नाही. त्यांनी यंत्र घेतले नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर, टेप कसा धरायचा ते मात्र त्यांनी विचारून घेतले आणि पहिला आकडा त्याच रात्री दिनदर्शिकेवर लिहिला.