चूल एक की पंगत एक?

सोलापुरात एखाद्या लग्नात प्रोटेस्टंट नातलग आणि कॅथलिक पाहुणे शेजारी बसले की प्रश्न निघतोच: "आता आपलं सगळं एकच झालंय ना?" कोणीतरी मान डोलावतं आणि दोन गोष्टींची गल्लत होते. चर्चचं एकीकरण वेगळं, ऐक्य वेगळं.

एकीकरण म्हणजे चूल एक करणं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बिशप राहिले, बाप्तिस्मा तान्हेपणी किंवा कळत्या वयात, दोन्ही चालतील असं ठरलं. घटना एक, मालमत्ता एक (म्हणजे कोर्टकज्जे आलेच). अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐनवेळी बाहेर राहिले.

ऐक्याच्या चळवळीत चुली वेगळ्याच राहतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कॅथलिकांना इतर ख्रिस्ती लोकांबरोबर प्रार्थना करायला वाट मोकळी केली. १८ ते २५ जानेवारीचा ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह याच चळवळीतला. प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्मा, कॅथलिकांचा स्नानसंस्कार. शब्द वेगळे, पाणी तेच. पण कॅथलिकांचा मिस्सा आणि प्रोटेस्टंटांचं प्रभुभोजन यांची पंगत अजून एक नाही, आणि खरी सल तिथे आहे.

आता इथल्या मातीतून ऐक्याचा विचार करायचा तर आधी एक कबुली द्यावी लागेल. सोलापूरच्या आजोबा-पणजोबांनी काँग्रिगेशनल परंपरा (जिथे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते) काही तत्त्व पारखून निवडली नव्हती. इथे त्या परंपरेचं अमेरिकन मराठी मिशन आलं, कोल्हापूरला प्रेसबिटेरियन (वडीलमंडळींच्या सभेने चालणारे) पोचले, एवढंच. भांडणं युरोपातली, वारसा आपल्याला. १९२४ साली या दोन परंपरा युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या, तेव्हा गावच्या मंडळीला त्यात सोडण्यासारखं फारसं नव्हतंच.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी वेगळीच वाट धरली. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. येशूला मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. हे एकीकरणात बसत नाही, ऐक्याच्या ठरावांतही नाही.

माझ्या मते आपला प्रश्न बिशप कोण हा नाहीच. पानाला पान लावून कोण बसतो, हा आहे. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरजवळ गोपाळपुरात वारीचा शेवट काल्याने होतो. बायबलमध्ये करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषित पौल रागावतो तेही यावरूनच: प्रभुभोजनाला जमता, आणि एक जण उपाशी राहतो.