नोनीवरचं चिलट आणि ‘विशेषज्ञ’ हा शब्द

पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटं म्हणजे ड्रॉसोफिला. आंबा बागायतदार जिला फळमाशी म्हणतात ती वेगळ्या कुळातली, ती चांगल्या फळात अंडी घालते. चिलटांना हवं असतं ते फळावर वाढणारं यीस्ट, म्हणून बहुतेकांना कुठलंही आंबलेलं फळ चालतं.

सेशेल्स बेटांवरच्या ड्रॉसोफिला सेशेलियाला चालत नाही. १९८१ मध्ये नोंदली गेलेली ही जात निसर्गात जवळजवळ फक्त नोनीवर वाढते. नोनी म्हणजे आपली बारतोंडी. पूर्वी तिच्या मुळांपासून लाल रंग काढत, आता रस बाटल्यांतून विकतात. पिकल्या फळाचा उग्र दर्प हेक्झॅनॉइक आणि ऑक्टॅनॉइक आम्लांचा. (दोन्हींची जुनी लॅटिन नावं बकरीवरून पडली आहेत. फळ हुंगलेल्याला कारण विचारावं लागत नाही.) ऑक्टॅनॉइक आम्लाने इतर चिलटं मरतात. फळ सडून विष उतरलं की मगच ती तिकडे फिरकतात.

सेशेलियाचा सिम्युलान्स या सख्ख्या जातीशी संकर होतो. संकरित नर वांझ निघतात, पण माद्यांना पिल्लं होतात, आणि नव्वदच्या दशकातलं सगळं काम त्या माद्यांवर उभं आहे. १९९८ पर्यंत दिसलं की विष पचवण्याची ताकद किमान पाच जनुकस्थानांत (गुणसूत्रांवरच्या ठिकाणी) विखुरलेली आहे.

एकाच अन्नावर जगणाऱ्या अशा जातीला जीवशास्त्रात ‘विशेषज्ञ’ म्हणतात. घोळ झाला तो याच शब्दाने. आपल्याकडे तो दवाखान्याच्या पाटीवर असतो, म्हणजे इतरांपेक्षा जास्त येणारा. या माशीचा हिशेब उलटा निघाला. २००७ मध्ये जनुकसंच वाचले तेव्हा वास आणि चव टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) घडवणारी तिची जनुकं सिम्युलान्सपेक्षा कितीतरी वेगाने निकामी होताना दिसली. कडू लागेनासं झालं म्हणून ती नोनीवर रमली, असा अर्थ लगेच लावला गेला. आक्षेपही रास्त होता: बेटावरच्या छोट्या संख्येत जनुकं तशीही गळतात, त्याचं श्रेय नोनीला का द्यायचं? वाद पुरता मिटलेला नाही. माझ्या मते २०१४ चा निष्कर्ष जास्त बोलका आहे. एका जनुकातल्या बिघाडाने या माशीत डोपामिन हे चेतापेशींचं निरोप्या रसायन कमी बनतं, म्हणून अंडी कमी होतात. नोनीतलं एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, ती उणीव भरून काढतं. तिला विशेषज्ञ म्हणण्यापेक्षा पथ्यावर असलेली म्हणावं.

कमावलेलंही काही आहे. नोनीचा वास टिपणाऱ्या एका प्रकारच्या चेतापेशी तिच्यात दुप्पट-तिप्पट आहेत. २०२० मध्ये जनुकं बदलून पाहिली, तेव्हा लांबून नोनी शोधणं ठरावीक गंधग्राहकांवर अवलंबून असल्याचं सिद्ध झालं. दरम्यान हिंदी महासागरातल्या मायोट बेटावर याकुबा जातीची चिलटं नोनीवर सापडली. ती सेशेलियाची दूरची नातलग, आणि विष सोसायला स्वतंत्रपणे शिकलेली.